डिस्ने वर्ल्डमधील राइडचे आरक्षण: चार भेटी, चार पद्धती

२०११ ते २०२५ या चौदा वर्षांत फ्लोरिडातील ऑरलँडोच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या मनोरंजन उद्यानाला माझे चार वेळा जाणे झाले आणि चारही वेळा राइडसाठी आधी वेळ राखून ठेवण्याची तेथील पद्धत निराळी होती. शेवटची भेट फेब्रुवारी २०२५ मधली. त्या वेळी सांगलीहून आलेले आई-बाबा, दादा-वहिनी, नऊ वर्षांचा भाचा आणि अमेरिकेतील शार्लट शहरातून आम्ही तिघे असे आठ जण होतो. हे परीक्षण उद्यानाचे नाही, तेथील खाण्यापिण्याचे किंवा आतषबाजीचेही नाही. ते केवळ या आरक्षणपद्धतीचे आहे. आयुष्यात एकदाच अमेरिकेत येणाऱ्या आई-वडिलांना घेऊन जाणारी अनेक मराठी कुटुंबे मला एकच प्रश्न विचारतात, ‘वेगळ्या रांगेचा तो पास विकत घ्यायचा का?’ त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण आमच्या आठ जणांतही त्यावर एकमत झाले नाही.

सुरुवातीची पद्धत साधी आणि फुकट होती. १९९९ मध्ये डिस्नेने ‘फास्टपास’ आणला. राइडच्या बाहेर यंत्रांची ओळ असे. त्यात प्रवेशिका सरकवली की एक छोटी छापील चिठ्ठी बाहेर येई आणि तिच्यावर एका तासाची मुदत लिहिलेली असे. त्या तासात परत यायचे आणि वेगळ्या, आखूड रांगेतून आत जायचे. ठरावीक वेळ उलटल्याखेरीज दुसरी चिठ्ठी मिळत नसे, त्यामुळे एकाच माणसाने दहा राइडी अडवून ठेवण्याचा प्रश्न नव्हता. २०११ साली आम्ही दोघे पहिल्यांदा गेलो, तेव्हा अशा तीन चिठ्ठ्या नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात दिवसभर होत्या आणि संध्याकाळपर्यंत घामाने त्यांची शाई पुसट झाली होती. जो सकाळी लवकर येईल आणि पायपीट करील त्याला फायदा, एवढाच त्या पद्धतीचा न्याय होता. तिकिटापलीकडे एक डॉलरही खर्च न होता प्रत्येकाच्या हाती ती चिठ्ठी येत होती, आणि जुने लोक आजही तिची आठवण काढतात त्याचे कारण हेच आहे.

२०१६ मध्ये मुलीला घेऊन गेलो तेव्हा कागद जाऊन मनगटावर ‘मॅजिकबँड’ हा पट्टा आला होता. ‘फास्टपास प्लस’ नावाच्या या पद्धतीत रोजच्या तीन राइडी आधीच निवडता येत. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना ६० दिवस आधी आणि इतरांना ३० दिवस आधी ही सोय खुली होई. पैसे अजूनही लागत नव्हते. मात्र दोन महिने आधी, कोणत्या दिवशी किती वाजता कोणत्या राइडपाशी असू, हे घरी बसून ठरवावे लागे. गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्यांचे आरक्षण ज्या चिकाटीने लोक करतात, त्याच चिकाटीने मी ते केले आणि मला त्यात आनंदही झाला. पण माझ्या नणंदेला ती पद्धत मुळीच रुचली नाही. ‘सुट्टीच्या दिवशी घड्याळ बघत पळायचं, तर ऑफिस काय वाईट?’ हा तिचा प्रश्न मला तेव्हा आळसाचा वाटला होता. आज मला तो तसा वाटत नाही.

मार्च २०२० मध्ये उद्याने बंद झाली आणि त्यांच्याबरोबर फुकटचा फास्टपासही बंद झाला. तो पुन्हा सुरू झालाच नाही. त्याच्या जागी ऑक्टोबर २०२१ मध्ये फ्लोरिडात ‘जिनी प्लस’ आला. दरडोई दिवसाला १५ डॉलर अशी त्याची सुरुवात झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये तो २० डॉलरला सुरू झाला आणि पुढे फ्लोरिडात दिवसागणिक दर बदलू लागले. आखूड रांगेला ‘लायटनिंग लेन’ हे नवे नाव मिळाले. सर्वांत मोठा फरक असा की आरक्षण त्याच दिवशी सकाळी सातला खुले होई. रेल्वेचे तत्काळ तिकीट काढलेल्या कोणालाही ती वेळ कशी जाते हे सांगावे लागणार नाही. २०२२ च्या भेटीत माझा नवरा सहा पंचावन्नला पलंगाच्या कडेला फोन धरून बसलेला असे, आणि पुढे दिवसभर, एक राइड झाली की किंवा दोन तास उलटले की, तो पुन्हा मान खाली घालून पुढची वेळ शोधत असे. त्या तीन दिवसांचे आमचे फोटो पाहिले तर निम्म्या फोटोंत तो फोनकडे बघतो आहे.

२४ जुलै २०२४ पासून आताची पद्धत लागू झाली. जिनी प्लसचे नाव ‘लायटनिंग लेन मल्टी पास’ झाले आणि फ्लोरिडात आगाऊ निवड परत आली. डिस्नेच्या हॉटेलातील पाहुण्यांना सात दिवस आधी आणि बाहेर उतरणाऱ्यांना तीन दिवस आधी तीन राइडी राखून ठेवता येतात. तेथील एका उद्यानात, म्हणजे मॅजिक किंगडममध्ये, राइडींचे दोन गट केलेले आहेत. जास्त मागणी असलेल्या गटातून एक आणि दुसऱ्या गटातून दोन अशी निवड करायची, आणि उद्यानात गेल्यावर एक वापरली की पुढची एक घ्यायची. अगदी मोजक्या राइडी या पासात येतच नाहीत. त्यांच्यासाठी ‘सिंगल पास’ वेगळा विकत घ्यावा लागतो आणि असे दिवसाला जास्तीत जास्त दोन घेता येतात. मल्टी पासची किंमत उद्यानानुसार आणि तारखेनुसार बदलते. आमच्या भेटीच्या सुमारास हलक्या दिवशी ती पंधरा-सोळा डॉलरपासून सुरू होई आणि नाताळासारख्या गर्दीत चाळीस डॉलरच्या घरात जाई. मॅजिक किंगडमचा आम्हा आठ जणांचा पास कर धरून सुमारे अडीचशे डॉलरला पडला, म्हणजे एकवीस हजार रुपयांच्या वर. प्रवेशाचे तिकीट आधीच काढलेले होते; ही रक्कम त्यावरची.

आम्ही बाहेर, किसिमीला भाड्याच्या घरात उतरणार होतो. म्हणून तीन दिवस आधी सकाळी सात वाजता शार्लटच्या घरी, चहाचा कप शेजारी ठेवून, मी ‘जंगल क्रूझ’, ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ आणि ‘हाँटेड मॅन्शन’ अशा तीन राइडी निवडल्या. गुडघ्याने त्रस्त असलेल्या बाबांचा विचार करून तिन्ही वेळा दुपारच्या जेवणाच्या दोन्ही बाजूंना घेतल्या आणि मध्ये बसायला मोकळा तास ठेवला. २०२२ मध्ये ही मोकळीक नव्हती, आणि जुन्या पद्धतीपेक्षा नवी सरस आहे असे मी म्हणते ते या एका कारणासाठी. वृद्ध माणसाला घेऊन जाणाऱ्याला राइडींची संख्या महत्त्वाची नसते. कितीला कुठे जायचे आहे हे आदल्या रात्री सांगता येणे महत्त्वाचे असते. आईने त्या वेळा एका कागदावर लिहून पर्समध्ये ठेवल्या होत्या आणि ‘अकरा पाचला होडी आहे’ असे ती सकाळपासून सर्वांना बजावत होती.

जंगल क्रूझच्या दाराशी खांबावर मिकीच्या तोंडाच्या आकाराचे एक वर्तुळ असते. त्याला पट्टा, कार्ड किंवा फोन टेकवला की ते हिरवे उजळते आणि माणूस आखूड रांगेत शिरतो. आईने कार्ड टेकवले, हिरवा उजेड पडला आणि आम्ही पुढे झालो. पण बाबा शेजारच्या लांब रांगेकडे पाहत थांबले. त्या रांगेबाहेरच्या फलकावर ६० मिनिटे असे लिहिलेले होते. लहान मुलाला खांद्यावर घेतलेला एक बाप तिथे उभा होता आणि आमच्यासाठी त्याच्यापुढची साखळी अडवून धरलेली होती. बाबा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. सांगलीच्या स्थानकावर त्यांची उभी नोकरी रांगा लावण्यात गेली. होडीत बसल्यावर ते म्हणाले, ‘गाडीत सीटा तेवढ्याच. आरक्षण वाढवलं म्हणून गाडी मोठी होत नाही. आपण बसलो त्या सीटा त्या पोराच्या होत्या.’

बाबांच्या या वाक्यात सगळ्या वादाचे मूळ आहे. एका राइडमधून तासाला किती माणसे जातील हे होड्यांची संख्या, त्यांचा वेग आणि चढण्या-उतरण्याचा वेळ यांवर ठरते. कोणतीही आरक्षणपद्धत त्यात एका माणसाचीही भर घालत नाही. पद्धत फक्त एवढेच ठरवते की कोणी कुठे आणि किती थांबायचे. जिथे दोन रांगा एकत्र येतात तिथे उभा असलेला कर्मचारी आखूड रांगेला झुकते माप देतो, कारण त्या रांगेला वेळेचे वचन दिलेले असते. त्यामुळे आखूड रांगेत जितके जास्त लोक, तितकी लांब रांग मंद. फास्टपास फुकट होता तेव्हाही हे घडतच होते, किंबहुना सर्वांकडेच चिठ्ठी असल्याने पुष्कळ प्रमाणात घडत होते. आज लांब रांगेबद्दल तक्रार करणाऱ्यांना हे ध्यानात ठेवावे लागेल. फरक इतकाच की तेव्हा लांब रांगेत उभा असलेला माणूस दुसऱ्या एखाद्या राइडच्या आखूड रांगेचाही हक्कदार असे. आज पास न घेतलेला माणूस दिवसभर फक्त लांब रांगेतच असतो.

दादाला हे पटले नाही, आणि त्याचे म्हणणेही वरवरचे नव्हते. ‘तिरुपतीला तीनशे रुपयांचं दर्शन आपण घेतो, शिर्डीलाही पास काढतो. तिथे आपल्याला काही वाटत नाही. इथे तर मी पोराला घेऊन सोळा तास विमानात बसून आलोय आणि परत कधी येणार हे मला ठाऊक नाही. माझा एक तास तीस डॉलरपेक्षा महाग आहे.’ त्यावर आई म्हणाली की पंढरीच्या बारीत ती दहा-दहा तास उभी राहिली आहे आणि तिथे उभे राहणे हेच दर्शनाचा भाग आहे, पण इथल्या रांगेत उभे राहण्यात तिला कोणतेही पुण्य दिसत नाही, तेव्हा दादाचे बरोबर आहे. वहिनीचा आक्षेप वेगळाच होता. एकूण खर्च किती हे तिकीट काढतानाच सांगितले असते तर तिने मुकाट्याने भरला असता. प्रवेशाचे वेगळे, पार्किंगचे वेगळे, रांगेचे वेगळे आणि एखाद्या राइडचे आणखी वेगळे, या तुकड्यांनी तिला उबग आला.

पाहुण्यांमधील मतभेद बहुतांशी, कोण किती वेळा येतो, या रेषेवर पडलेले मला दिसतात. फ्लोरिडात राहणारे, वार्षिक पासवर महिन्यातून दोनदा येणारे लोक या बदलावर सर्वाधिक नाराज आहेत आणि ते स्वाभाविक आहे, कारण त्यांना फुकटच्या चिठ्ठीची सवय होती आणि प्रत्येक फेरीला तीस डॉलर भरणे त्यांना परवडणारे नाही. टांपात राहणारी माझी एक मैत्रीण आता राइडींच्या वाटेला जातच नाही. मुलांना घेऊन ती मिरवणूक पाहते, आइसक्रीम खाते आणि परत फिरते. याउलट दुरून येणाऱ्या आणि मोजक्या दिवसांच्या पाहुण्यांना आगाऊ निवड परत आल्याचे समाधान आहे. त्यातही हॉटेलचा भेद बोचतोच. सात दिवस आधी निवडणाऱ्यांनी मागणीच्या राइडींतील सोयीच्या वेळा घेतल्यावर उरलेल्या वेळा तीन दिवस आधीवाल्यांच्या वाट्याला येतात. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये आगाऊ निवड नाही. तिथे उद्यानात शिरल्यावरच पहिली वेळ घेता येते आणि कर्मचाऱ्यांनी काढलेले फोटो पासाबरोबर मिळतात. बे एरियातील मराठी मंडळी मला सांगतात की त्यांना हीच पद्धत अधिक बरी वाटते, कारण सगळे एकाच रेषेवरून सुरुवात करतात.

ज्या एका गोष्टीबद्दल मला दोन्ही बाजू समजून घेता येत नाहीत ती म्हणजे २०२४ च्या ऑक्टोबरात आलेला ‘प्रीमियर पास’. तो घेतला की वेळ राखून ठेवण्याची गरजच नाही. लायटनिंग लेन असलेल्या प्रत्येक राइडच्या आखूड रांगेतून केव्हाही एकदा आत जाता येते. फ्लोरिडात त्याची जाहीर झालेली किंमत उद्यान आणि तारीख यांनुसार दरडोई १२९ ते ४४९ डॉलर होती, आणि तीही एका उद्यानाच्या एका दिवसाची. मल्टी पास घेणारा माणूस निदान ठरलेल्या वेळेस येतो, त्यामुळे गर्दी दिवसभरात विभागली जाते, असे त्याचे समर्थन करता येते. प्रीमियर पासात तेही नाही. तो मर्यादित संख्येतच विकला जातो हे खरे, पण त्यात रांगेचे व्यवस्थापन कुठेच नाही. आहे ती केवळ पैसेवाल्यासाठी उघडलेली वाट, आणि ती बंद व्हावी असे माझे ठाम मत आहे.

दुसरा बदल अधिक नाजूक आहे. ज्यांना अपंगत्वामुळे नेहमीच्या रांगेत थांबता येत नाही त्यांच्यासाठी २०१३ पासून ‘डॅस’ ही फुकट सोय आहे. तीत रांगेइतकाच वेळ बाहेर बसून काढता येतो. २०२४ च्या उन्हाळ्यापूर्वी तिचे निकष आवळण्यात आले आणि ती मुख्यतः स्वमग्नता किंवा तत्सम विकासात्मक अडचणी असलेल्यांपुरती ठेवण्यात आली. गैरवापर वाढला होता, असे बदलाच्या बाजूचे लोक सांगतात, आणि गैरवापर झाला की खऱ्या गरजूची रांग लांबते हेही खरे. परंतु आतड्याच्या विकाराने ग्रासलेल्या किंवा उन्हात उभे राहून भोवळ येणाऱ्या माणसाला पूर्वी मिळणारी सोय आता सहजी मिळत नाही, आणि अशा माणसाने शेवटी मल्टी पास विकत घेतला तर आजारपणाचेच शुल्क भरल्यासारखे होते. या बाबतीत माझी सहानुभूती पूर्णपणे त्यांच्याकडे आहे. सांधेदुखीसाठी डॅस मिळेल अशा समजुतीत आई-वडिलांना नेऊ नये, हे मात्र स्पष्ट सांगते. त्यांच्यासाठी चाकाची खुर्ची भाड्याने घेणे हाच खात्रीचा मार्ग आहे, कारण बहुतेक रांगांतून ती नेता येते. लहान मूल सोबत असल्यास ‘रायडर स्विच’ ही सोय आजही फुकट आहे. एकाने मुलाजवळ थांबायचे, दुसऱ्याने राइड घ्यायची, आणि मग पहिल्याने पुन्हा सगळी रांग न लावता आत जायचे. पुष्कळ कुटुंबांना ती ठाऊकच नसते.

याहून चांगले काही शक्य आहे का, असे विचारणाऱ्यांना मी टोकियोचे उदाहरण देते. तेथील डिस्ने उद्यानांनी २०२२ पासून नव्या, गाजलेल्या राइडींसाठी पैशांचा ‘प्रीमियर ॲक्सेस’ आणला. परंतु जुलै २०२३ मध्ये काही जुन्या राइडींसाठी फुकटचा ‘प्रायॉरिटी पास’ही दिला. म्हणजे पैसे न भरणाऱ्याच्या हातीही दिवसभरात काहीतरी पडते. ऑरलँडोने प्रत्येक तिकिटामागे दिवसाला एक, अगदी एकच, आरक्षण फुकट दिले तरी माझा अर्धा आक्षेप निवेल. शेजारच्या युनिव्हर्सलचा ‘एक्सप्रेस पास’ वेळेच्या बंधनाशिवायचा आणि म्हणून वापरायला सोपा आहे, पण तो आणखी महाग पडतो. आपल्या खोपोलीच्या इमॅजिकातही एक्सप्रेस तिकीट मिळते, तेव्हा ही कल्पना मराठी पाहुण्याला अगदीच परकी नाही.

एक सावधगिरी स्वानुभवाची. दादाने आपले प्रवेशाचे तिकीट भारतातील एका प्रवासी कंपनीच्या सहलीतून घेतले होते, आणि ‘फास्टपास समाविष्ट’ असे त्याला तोंडी सांगण्यात आले होते. २०२५ मध्ये त्या नावाची वस्तूच अस्तित्वात नव्हती आणि त्याच्या तिकिटात लायटनिंग लेनचा कोणताही पास नव्हता. हे आम्हाला निघण्याच्या चार दिवस आधी कळले. तेव्हा तिकीट कोणाकडूनही घ्या, पण ते डिस्नेच्या अ‍ॅपमध्ये स्वतः जोडून पाहा आणि पास समाविष्ट आहे की नाही हे लेखी विचारा. तिकिटे एकाच खात्यात जोडलेली नसतील तर सगळ्यांसाठी एकत्र वेळ घेता येत नाही. आठ जणांची तिकिटे जोडायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली.

माझ्या मते मॅजिक किंगडमसाठी मल्टी पासचे पैसे वसूल होतात, कारण तिथे पासात बसणाऱ्या राइडी सर्वांत जास्त आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ आजी-आजोबांना चालतील अशा आहेत. त्या दिवशी आम्ही रात्रीपर्यंत सात राइडी केल्या आणि बाबांना सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त उभे राहावे लागले नाही. ॲनिमल किंगडम या दुसऱ्या उद्यानासाठी मात्र आम्ही पास घेतला नाही. दार उघडण्याच्या आधी पाऊण तास पोहोचलो, दार उघडताच थेट ‘किलिमांजारो सफारी’कडे गेलो आणि पंचवीस मिनिटांत उघड्या मोटारीत बसलो. सकाळच्या गारव्यात जिराफ रस्त्याच्या मधोमध उभा होता, चालकाने गाडी थांबवली, आणि पुढे जाण्याची घाई कोणालाच नव्हती. ‘अवतार’ची राइड आम्ही उद्यान बंद होण्याच्या शेवटच्या तासासाठी ठेवली. त्या वेळी लांब रांग पस्तीस मिनिटांची होती आणि बाबा तीत काठी टेकत, स्वतःहून, उभे राहिले.